चार चौकटींची बखर

आमच्या शहापूर-मुरबाड भागात वर्तमानपत्र दोनदा येते. एकदा ते पहाटे येते. शहापूरच्या बाजूला कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीतून आसनगाव, आटगाव, खर्डी अशा स्टेशनांवर गठ्ठे उतरतात आणि मुरबाडच्या बाजूला ते कल्याणहून रस्त्याने येतात. हे पहिले येणे बाजारपेठेपुरते, कचेरीपुरते आणि चहाच्या हॉटेलापुरते. दुसऱ्यांदा ते दोन-चार महिन्यांनी येते, वाण्याच्या दुकानातून, फुटाण्यांची नाहीतर हळदीची पुडी होऊन; आणि हे दुसरे येणे मात्र डोंगराच्या कुशीतल्या शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचते. ज्या वाङ्मयप्रकाराची हकिगत मला येथे सांगायची आहे, त्याला आमच्याकडचे बरेचसे वाचक या दुसऱ्या वाटेने मिळाले आहेत. म्हणून हे आधी सांगून टाकले.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक कातकरी मुलगा होता. चौथीचा. पुस्तक उघडले की याचे तोंड मिटायचे. ओरडून झाले, समजावून झाले, शेवटी मी त्याच्यापुढे हात टेकले होते. एके दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या मागे हा एकटाच बसून काहीतरी पुटपुटत होता आणि मधूनच हसत होता. जवळ जाऊन पाहिले, तर हातात तेलकट झालेला कागदाचा तुकडा. त्यावर चार चौकटी होत्या आणि चौकटींत तो डोक्यावर केसांचे टोपले असलेला चिंटू. पोरगा एकेक अक्षर लावून वाचत होता. मला पाहून तो दचकला नाही, हे विशेष. त्याने सरळ विचारले, "गुरुजी, ह्याच्या म्होरलं कुठं हाय?"

म्होरलं! त्याला वाटले, ही गोष्ट पुढे चालू राहते. मी सांगितले, "अरे, ही रोज नवी असते. काल एक होती, उद्या एक असेल." त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग कालची द्या."

कालची देणे मला जमले नाही. तो कागद चार महिन्यांपूर्वीचा होता. मी वाचनालयात गेलो. तिथे तीन महिन्यांचे अंक ठेवतात, पुढचे रद्दीत जातात. आणि त्यांचे काय चुकले? जागा असावी लागते. पण त्या दिवशी मला पहिल्यांदाच जाणवले की, ज्याने माझ्या हट्टी विद्यार्थ्याला वाचायला लावले ते लिखाण किलोवर विकले जाते. कादंबरी कितीही टाकाऊ असो, कपाटात तरी राहते (हे मी स्वानुभवाने सांगतो). या चार चौकटींना कपाट नाही. तेव्हा त्यांची बखर कुणीतरी लिहायला हवी, असे मनाने घेतले.

बखरीची सुरुवात मी आमच्याच तालुक्याच्या डोक्यावरून करतो. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागले की वैशाखरे गावापाशी नाणेघाटाची वाट फुटते. घाट चढून माथ्यावर गेले की सातवाहनांच्या काळातले लेणे लागते. तिथला नागनिकेचा लेख प्रसिद्ध आहे. पण लेण्याच्या मागच्या भिंतीवर एका ओळीत राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर ब्राह्मी अक्षरांत नाव होते: सिमुक सातवाहन, देवी नागनिका, श्रीसातकर्णी. आज मूर्ती नाहीत. पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. नावे मात्र दोन हजार वर्षे भिंतीवर वाचता येतात. चित्राला शब्दाची जोड देण्याची माणसाची हौस किती जुनी आहे, ते पाहायला आमच्या लोकांना फार लांब जावे लागत नाही. चित्रे ओळीने दाखवून गोष्ट सांगण्याची रीतही आपल्याकडे आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतातले प्रसंग एकामागून एक चित्र पुढे करून गाऊन सांगत. त्या चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथीच म्हणतात. ही कला जिवंत ठेवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आमच्याकडेही ठाकर पाडे आहेत. पण चित्रांची पोथी मी आमच्याकडे पाहिलेली नाही.

आता छापील चित्रमालिकेचा जनक कोण, तर जिनिव्हाचा एक शाळामास्तर. रोडोल्फ टोपफर (१७९९ ते १८४६) हे त्याचे नाव. बाप चित्रकार होता. यालाही चित्रकारच व्हायचे होते. पण डोळ्यांनी दगा दिला, म्हणून मुलांची वसतिशाळा काढून शिकवू लागला, कथा-कादंबऱ्या लिहू लागला आणि विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी एका ओळीत चौकटी आखून खाली मजकूर लिहून विक्षिप्त माणसांच्या गोष्टी रंगवू लागला. या वह्या म्हाताऱ्या गटेच्या हाती पडल्या आणि तो खूष झाला. मग १८३० नंतर त्या छापून निघू लागल्या. शाळामास्तर आणि कादंबरीकार! हे वाचले तेव्हा मला झालेला आनंद मी लपवीत नाही. टोपफरने वर्गात काढलेल्या चित्रांना आज इतिहासात जागा आहे. माझ्या लहानपणी एका मास्तरांनी मात्र माझ्या हातातले चित्रांचे पुस्तक ओढून त्याचे चार तुकडे केले होते. त्यांच्यावर माझा राग नाही. चित्रे पाहिली की मूल वाचत नाही, असे त्या काळी पुष्कळांना मनापासून वाटे.

वर्तमानपत्रात चित्रमालिका शिरली ती मात्र करमणुकीपेक्षा धंद्याच्या पायी. न्यू यॉर्कमध्ये पुलित्झर आणि हर्स्ट या दोन मालकांची खपाची लढाई चालली होती. पुलित्झरच्या 'वर्ल्ड'मध्ये रिचर्ड औटकॉल्ट नावाचा चित्रकार गरीब वस्तीतल्या पोरांची चित्रे काढी. त्यात पिवळा झगा घातलेला एक टकलू पोर होता आणि त्याचे बोलणे झग्यावरच लिहिलेले असे. लोक त्याच्यासाठी पेपर घेऊ लागले. १८९६ साली हर्स्टने जास्त पैसे देऊन चित्रकारालाच पळवले. पुलित्झरने दुसरा चित्रकार बसवून आपलाही पिवळा पोर चालू ठेवला. एकाच शहरात दोन पिवळी पोरे! 'पीत पत्रकारिता' हा शब्द आपण मोठ्या गंभीरपणे वापरतो, त्याचे मूळ या पोराच्या झग्यात आहे.

पुढे हर्स्टने १९१५ साली 'किंग फीचर्स' ही कंपनी काढली. चित्रकाराने एकदा चित्र काढायचे आणि तेच जगभरच्या शेकडो वर्तमानपत्रांना थोड्या थोड्या पैशांत विकायचे, असा हा व्यवहार. मराठी दैनिकांत स्वतःची रोजची चित्रमालिका इतक्या उशिरा का आली, या प्रश्नाचे उत्तर मला या व्यवहारात दिसते. तयार माल स्वस्तात मिळत असताना घरचा चित्रकार वर्षभर पोसणार कोण?

घरचे चित्रकार नव्हते असे मात्र नाही. लंडनच्या 'पंच'च्या नावावरून आपल्या ठाण्यातच गेल्याच्या गेल्या शतकात 'हिंदुपंच' नावाचे साप्ताहिक निघत असे. थट्टेची त्याची धार अशी की १९०९ साली नामदार गोखल्यांनी त्याच्यावर बदनामीचा खटला भरला. त्याच वर्षी काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि आज आपल्या हातात आहे त्या परंपरेची सुरुवात झाली. मराठी व्यंगचित्रकार वाढला तो या दिवाळी अंकांत. वर्षातून एकदा का होईना, त्याला ऐसपैस जागा मिळे. बेळगावकडच्या भोज गावी १९२५ साली जन्मलेल्या शि. द. फडणिसांनी 'हंस', 'मोहिनी'ची मुखपृष्ठे रंगवली. एकाच्या कपड्यांवर उंदीर आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर मांजरे, एवढेच; खाली शब्द नाही. ज्या घरात वाचता येणारा एकच असे, त्या घरातही हे चित्र सगळ्यांना एकदम हसवी. शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतही त्यांनी चित्रे काढली आणि कित्येक मुलांची बेरजेशी असलेली दुष्मनी कमी केली. १९६० च्या ऑगस्टमध्ये बाळ ठाकऱ्यांनी 'मार्मिक' काढले, त्यातली मधली दोन पाने म्हणजे 'रविवारची जत्रा'. 'टाइम्स ऑफ इंडिया'त १९५१ पासून आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांचा कोट घातलेला सामान्य माणूस रोज उभा राहू लागला. हा गृहस्थ बोलत नाही, हेच त्याचे मोठेपण. १९८८ साली तो टपालाच्या तिकिटावर आला, २००१ साली पुण्याच्या सिंबायोसिसमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला, आणि २६ जानेवारी २०१५ रोजी लक्ष्मण गेले. पण ही सगळी एकेकटी चित्रे. चौकटीमागून चौकट येणारी गोष्ट आमच्यापर्यंत परदेशातूनच आली.

ती आली वेताळाच्या रूपाने. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ साली जादूगार मँड्रेक आणि १९३६ साली मुखवटा घातलेला वनवासी वीर फँटम निर्माण केला. 'टाइम्स'वाल्यांनी मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले आणि मराठीत फँटमचा वेताळ झाला. इंद्रजालचे सुमारे आठशे अंक निघाले. १९९० साली ते बंद पडले, तेव्हा मी नुकता वाचायला लागलो होतो. माझ्या वाट्याला आले ते आत्याच्या मुलाने कल्याणहून आणलेले, कोपरे कुरतडलेले जुने अंक. माझ्या आजीने एकदा मुखपृष्ठ पाहून विचारले, "हा कोण रे?" मी म्हटले, "वेताळ." आजी गप्प झाली. गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला वेताळ होता, त्याला दर वर्षी नारळ जाई. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आरं, पन देवाला आसली घट चड्डी कुनी घातली?"

या वेताळाच्या जंगलाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. मूळ मालिकेत जंगलाचे नाव बंगालशी मिळतेजुळते होते आणि समुद्री चाच्यांच्या टोळीचे नाव होते 'सिंग'. हिंदुस्थानात हे खपणारे नव्हते. म्हणून इंद्रजालने जंगलाचे 'डेंकाली' केले आणि चाच्यांचे 'सिंगा'. आम्हां पोरांना त्याचे काहीच नव्हते. आमच्या दृष्टीने ते जंगल तानसाच्या तलावामागे होते आणि कवटीची गुहा माहुलीच्या किल्ल्यावर. वेताळाचे मराठी कुणी केले, हे मात्र त्या अंकांवर मला कधी सापडले नाही. मुखपृष्ठे बी. गोविंद नावाचे चित्रकार रंगवीत. इतक्या सुबोध मराठीत वाक्ये बसवणारा तो माणूस कोण होता? फुगा केवढासा, त्यात चार-पाच शब्द मावतात आणि इंग्रजीपेक्षा आपले क्रियापद लांब. मी त्याच्याकडून वाक्य छोटे ठेवायला शिकलो.

अखेर मराठीचा स्वतःचा, रोजचा, चौकटीतला पोर आला तो २१ नोव्हेंबर १९९१ रोजी, पुण्याच्या 'सकाळ'मध्ये. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांचा 'चिंटू'. डोके लावायचे दोघांनी, चित्रे काढायची पंडितांनी. घरात आई, पप्पा, आजोबा. बाहेर पप्पू, मिनी, राजू, उंचनिंच बगळ्या, जोशीकाकू, गिटारवाला सतीशदादा. यात वीर नाही, खून नाही, जादू नाही. आंब्याच्या दिवसांत आंबे, परीक्षेच्या दिवसांत परीक्षा, पावसात पाऊस. म्हणजे वाचकाच्या अंगणात जो दिवस उजाडला तोच चिंटूच्याही अंगणात. वेताळाला हे साधणारे नव्हते, कारण त्याचा माल महिनोन् महिने आधी परदेशात तयार होई. चिंटूवर २०१२ साली श्रीरंग गोडबोल्यांनी चित्रपटही काढला. वाडेकर पुढे वारले. चिंटूचे वय मात्र एका दिवसानेही वाढले नाही.

रोज एक विनोद, आणि तोही कुणाला न दुखावता! कादंबरी लिहिताना मला आठ-आठ दिवस काही सुचत नाही आणि माझे कुणी काही वाकडे करीत नाही. चित्रमालिकावाल्याला ही चैन नाही. अमेरिकेतल्या चार्ल्स शुल्झने 'पीनट्स' ही मालिका २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू केली आणि जवळजवळ पन्नास वर्षे १७,००० हून अधिक चित्रपट्ट्या, हाताखाली मदतनीस न घेता, स्वतः काढल्या. शेवटची पट्टी १३ फेब्रुवारी २००० च्या अंकात छापून आली. तो स्वतः आदल्या रात्री वारला होता.

चार चौकटींची घडण वरवर सोपी दिसते. पहिलीत ठिकाण कळते, दुसरीत बोलणे होते, तिसरीत श्वास रोखला जातो आणि चौथीत सगळे उलटते. पण खरी करामत चौकटींत नसते, दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत असते. आई "अभ्यासाला बस" म्हणते, आणि पुढच्या चौकटीत चिंटू झाडावर. मधले सगळे वाचक स्वतः घडवतो. ज्या मुलाला अक्षरे अडखळवतात, त्यालाही ही पट्टी भरता येते. किंबहुना आपल्यापेक्षा चांगली भरता येते. माझा तो विद्यार्थी पुस्तकापुढे गप्प राही आणि चिंटूपुढे बोलू लागला, याचे कारण मला तरी हेच वाटते. पुस्तक त्याला प्रश्न विचारत होते. चौकट त्याच्यासाठी जागा ठेवत होती.

अलीकडे आमच्याकडे तिसरी वाट निघाली आहे, मोबाईलची. पाड्यावर एखाद्याकडे तरी तो असतोच आणि चौकटी आता त्यावर खाली-खाली सरकत येतात. कोरियातल्या चित्रकारांनी ही उभी वाचायची मालिका जगभर नेली. आपल्याकडचे मला आवडलेले नाव म्हणजे नागपूरचे रोहन चक्रवर्ती. दाताच्या डॉक्टरीचे शिक्षण घेतले असूनही ती वाट सोडून त्यांनी 'ग्रीन ह्यूमर' नावाने प्राणी-पक्ष्यांच्या चित्रमालिका काढल्या. त्यातला मजकूर इंग्रजी असतो, तरी आमच्या मुलांना घुबड, रानमांजर, बेडूक ओळखायला शब्द लागत नाहीत. उलट चूक असेल तर तीच दाखवतील. वर्तमानपत्रे बारीक होत चालली असताना ही वाट मोकळी आहे, हे खरे. पण एक गोष्ट मला खटकते. मोबाईलवर एकाकडून दुसऱ्याकडे जाताना चित्राच्या कोपऱ्यातली सही कापली जाते. कुणी काढले, केव्हा काढले, काही कळत नाही. नाणेघाटात नावे राहिली आणि चित्रे गेली. इथे चित्र हजार हातांत फिरते आणि नाव पहिल्याच दिवशी जाते.

त्या मुलाचे राहिले. मी ओळखीच्या चार घरी सांगून ठेवले आणि हाती आल्या तेवढ्या चिंटूच्या पट्ट्या कापून, मागे तारीख आणि कर्त्यांची नावे लिहून, एका शंभरपानी वहीत चिकटवल्या. साठ-सत्तर झाल्या असतील. अर्धी वही कोरी राहिली. दिवाळी झाली आणि दर वर्षीप्रमाणे पाडा वीटभट्टीवर निघाला. टेम्पोत भांडी, कोंबड्या, गोधड्या, वर माणसे. तो निघताना मी वही त्याच्या हातात दिली. खरे सांगतो, ती परत येईल अशी माझी अपेक्षा नव्हती. शाळेत दिलेली पुस्तके भट्टीवरून क्वचितच परत येतात. तिथे चूल पेटवायलाही कागद लागतो.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा तो वही घेऊन आला. पाने मातीने लाल झाली होती. कोऱ्या पानांवर त्याने पट्टीने चौकटी आखल्या होत्या. एका ओळीत चिंटू डोक्यावर विटा घेऊन चालला होता. दुसऱ्या चौकटीत मुकादम वही काढून उभा होता आणि चिंटू विटा मोजत होता. तिसरीत मुकादमाच्या तोंडाजवळ मोठा फुगा आणि फुग्यात एकच आकडा, चिंटूने मोजला त्यापेक्षा कमी. चौथी चौकट आखलेली होती, आत काहीच नव्हते.

"ही रिकामी का ठेवलीस?" मी विचारले.

त्याने वही माझ्या हातून घेतली, जरा वेळ पाहिली आणि म्हणाला, "हितं काय करायचं ते सुचलं नाय, गुरुजी."